महागडी डबी आणि बोअरचं पाणी

गाडीच्या रंगाची खरी काळजी घ्यायची असेल तर दुकानातल्या वॅक्सला हात लावू नये, असं एक मत अलीकडे नांदेड-लातूरकडे पक्कं होत चाललं आहे. नवी गाडी दारात आली की आठवडाभरात कोणीतरी जाणकार भेटतो आणि बजावतो. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मिळणारी ३एम, टर्टल वॅक्स, फॉर्म्युला वन, वॅक्सपोल ही नावं सामान्यांसाठी आहेत. तो सगळा कारखान्यातला माल. त्यात मेण कमी आणि घासलेट जास्त. गाडीवर प्रेम असेल तर बाहेरून मागवलेलं, थोड्या थोड्या प्रमाणात बनवलेलं, हातानं डबीत ओतलेलं 'बुटीक' वॅक्स घ्यावं. त्यात अस्सल कार्नोबा असतं, त्यानं रंगाला खोली येते, रंगाला पोषण मिळतं, मराठवाड्याच्या उन्हापासून संरक्षण होतं आणि ते जास्त टिकतं. काहीशे रुपयांच्या डबीऐवजी काही हजारांची डबी घ्यायला लावणारा हा उपदेश इतक्या ठामपणे केला जातो की ऐकणाऱ्याला आपण गाडीवर अन्याय करतो आहोत असं वाटू लागतं. हे मत चुकीचं आहे. ते इथल्या गाडीवाल्याचे पैसे आणि लक्ष दोन्ही भलत्या ठिकाणी वळवतं, आणि गाडीचा रंग ज्यामुळे खरोखर खराब होतो ते तसंच चालू ठेवतं. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहिला पाहिजे.

पहिला दावा कार्नोबाचा. कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागात, पियाउई आणि सिआरा या राज्यांत वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. पानं तोडून वाळवतात, झोडपतात, खाली पडलेली पूड वितळवून गाळतात. हे मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांनाच पातळ होतं. कार्नोबाचं नाव झालं ते या टणकपणामुळे. पण त्यात गुपित किंवा दुर्मीळ असं काही नाही. औषधाच्या गोळ्यांवर, लहान मुलांच्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांवर, बुटाच्या पॉलिशमध्ये तेच असतं. कोवळ्या पानांचं फिकट पिवळं मेण महाग आणि जुन्या पानांचं गडद मेण स्वस्त, एवढाच प्रतीतला मुख्य फरक. शिवाय शुद्ध कार्नोबा इतकं कडक आणि ठिसूळ असतं की ते बोटानं उचलता येत नाही, मग बॉनेटवर पसरवणार कसं? त्यासाठी पेट्रोलियमपासून काढलेली द्रावकं, तेलं आणि मऊ मेणं मिसळावीच लागतात. डबी पाचशेची असो की पाच हजारांची, हे मिश्रण कोणालाच चुकत नाही. 'शंभर टक्के कार्नोबा' असं जेव्हा लिहिलेलं असतं तेव्हा डबीत जे काही मेण आहे ते सगळं कार्नोबा आहे एवढाच त्याचा अर्थ निघू शकतो; सगळी डबी कार्नोबाची आहे असा निघत नाही. आणि मुख्य मुद्दा डबीच्या बाहेरचा आहे. वॅक्स लावायचं, वाळू द्यायचं आणि पुसून काढायचं, ही पद्धत सगळ्या वॅक्सना सारखीच. पुसल्यावर रंगावर उरतो तो एका मायक्रॉनच्याही आतला थर. बाकीचं फडक्यावर जातं. डबीत कार्नोबा दुप्पट असलं तरी बॉनेटवर दुप्पट राहत नाही. मग त्या जादा मेणाचे पैसे कशासाठी मोजायचे?

दुसरा दावा हाताच्या कामाचा. लहान प्रमाणात बनवलेलं ते चांगलं, कारखान्यात बनलेलं ते हलकं, ही कल्पना लोणचं, पापड किंवा गूळ यांच्याबाबत खरी ठरू शकते, कारण तिथे चव हातावर आणि त्या त्या दिवसाच्या मालावर अवलंबून असते. वॅक्सला चव नसते. तिथे हवा असतो सारखेपणा: या डबीत जे प्रमाण आहे तेच पुढच्या डबीत असावं, उन्हाळ्यात तेल वेगळं होऊ नये, हिवाळ्यात डबी दगडासारखी होऊ नये. हा सारखेपणा मोजमापातून आणि चाचण्यांतून येतो, आणि त्याची सोय छोट्या खोलीत मेण वितळवणाऱ्यापेक्षा मोठ्या कारखान्यात अधिक असते. बुटीक आणि दुकानी अशी भिंत घालणाऱ्यांनी या धंद्याचा इतिहासही पाहावा. आज दुकानात सहज मिळणाऱ्या मेग्वायर्सची सुरुवात १९०१ साली अमेरिकेत फ्रँक मेग्वायर यांनी घरच्या गॅरेजमध्ये लाकडी सामानाचं पॉलिश बनवण्यातून झाली. तेव्हाच्या मोटारींचे सांगाडे घोडागाडीसारखे लाकडी असत, म्हणून ते पॉलिश मोटारींना लागू पडलं. टर्टल वॅक्सचे संस्थापक बेन हर्श यांनीही शिकागोत लहान प्रमाणावर मिश्रण बनवून विकण्यापासूनच सुरुवात केली. मेग्वायर्स कंपनी २००८ साली ३एमनं विकत घेतली. म्हणजे कालचं बुटीक ते आजचं दुकानी. कंपनी मोठी झाली या एका कारणानं डबीतला माल वाईट झाला, असं म्हणायला आधार काय? दुसऱ्याच्या कारखान्यातून माल करून घेऊन आपलं लेबल लावण्याची पद्धतही या धंद्यात सर्रास आहे. तेव्हा लहान नाव म्हणजे लहान भट्टी, हेसुद्धा गृहीत धरता येत नाही.

तिसरा दावा पोषणाचा. रंग कोरडा पडतो, त्याला तेल लागतं, चांगलं वॅक्स त्याला खाद्य पुरवतं, असं सांगितलं जातं. हा विचार जुन्या रंगांच्या काळातला आहे आणि त्या काळापुरता तो निराधार नव्हता. अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी यांच्या काळातला एकाच थराचा रंग उन्हानं पांढुरका पडायचा, हात फिरवला की बोटांना रंगाची पूड लागायची. तेलकट पॉलिश चोळलं की मेलेला वरचा थर निघायचा, खालचा रंग उघडा पडायचा आणि तेलामुळे तो गडद दिसायचा. आजच्या गाडीवर रंगाचा थर असतो आणि त्याच्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यात तो सुमारे १४० अंशांवर भाजून पक्का केलेला असतो. त्याच्या रेणूंची जाळी एकमेकांत घट्ट बांधलेली असते. तो तेल पीत नाही, त्याला भूक लागत नाही. त्याला जे ऊन सोसायचं असतं त्यासाठी अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं त्या कोटातच घातलेली असतात. मायक्रॉनभर मेण त्यात फारशी भर घालू शकत नाही, मग ते कोणाचंही असो. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचं छत सत्तर अंशांच्या आसपास तापू शकतं. त्या तापाला उत्तर सावलीचं, शेडचं, निदान जाड कापडाच्या कव्हरचं आहे, आणि तेही धूळ झटकून मगच घातलं तर. डबीत उन्हावर उपाय आहे असं सांगणं म्हणजे 'पी हळद आणि हो गोरी' हाच प्रकार झाला.

चौथा दावा सगळ्यांत जास्त पटतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. महागड्या वॅक्सनं रंगाला 'खोली' येते आणि दुकानातल्या वॅक्सनं नुसती वरवरची चमक येते, असं म्हणतात. पुरावा म्हणून आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दाखवले जातात. या दोन फोटोंच्या मध्ये काय काय घडलं ते विचारा. गाडी नीट धुतली गेली, क्ले लावून रंगात रुतलेले कण काढले गेले, कंपाऊंडनं चरे काढले गेले, मशीनवर फोम पॅड लावून पॉलिश फिरवलं गेलं, सगळं पुसलं गेलं, आणि दोन-तीन दिवसांच्या या कामानंतर शेवटच्या अर्ध्या तासात वॅक्स लागलं. इथे वॅक्स आणि पॉलिश यांतला भेद लक्षात घ्यायला हवा, कारण बोलताना आपण दोन्हींना पॉलिशच म्हणतो. पॉलिशमध्ये अतिशय बारीक खर असते. ती क्लिअर कोटचा काही भाग घासून चऱ्यांच्या कडा सपाट करते. उजेड सरळ परावर्तित होऊ लागतो आणि रंग खोल दिसतो. वॅक्स काहीच घासत नाही. ते सपाट झालेल्या पृष्ठभागावर पातळ थर देतं. म्हणजे खोली दिली ती पॉलिशनं आणि ते फिरवणाऱ्या हातानं, आणि श्रेय मात्र वॅक्सच्या डबीला. त्याच सपाट केलेल्या बॉनेटवर दुकानातलं वॅक्स लावलं असतं तर फोटोत काय फरक दिसला असता? आणि आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसणाऱ्या पांढऱ्या गाडीवर ही खोली शोधायची तरी कुठे? एमएच २६ असो की एमएच २४, निम्म्या वादाचा निकाल गाडीचा रंगच लावतो. पांढरा रंग स्वच्छ असला की चांगला दिसतो आणि मळकट असला की वाईट.

पाचवा दावा टिकण्याचा, आणि तिथे बुटीकचा कैवार घेणाऱ्यांची बाजू सर्वांत कमकुवत आहे. कार्नोबाचं पेस्ट वॅक्स, कोणाचंही असलं तरी, काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतं. दुकानात मिळणारे कृत्रिम पॉलिमरचे सीलंट बहुधा त्यापेक्षा जास्त टिकतात. कृत्रिम म्हणून ज्यांची हेटाळणी होते तेच ऊन आणि शाम्पू यांना अधिक दाद देत नाहीत. त्यातही कपडे धुण्याच्या पावडरीनं गाडी धुण्याची आपल्याकडे जी सवय आहे तिच्यापुढे कोणतंच वॅक्स फार तग धरत नाही. आणि वॅक्स टिकलं आहे याची खूण म्हणून जी गोष्ट दाखवतात, ती म्हणजे पाण्याचे टपोरे मोतीदार थेंब, ती इथल्या पाण्यात नुकसानीची सुरुवात ठरू शकते. लातूर आणि नांदेड दोन्ही शहरं दख्खनच्या काळ्या खडकावर आहेत. घरोघरची गाडी बोअरच्या पाण्यानं धुतली जाते, आणि हे पाणी बऱ्याच भागांत जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मधला आकडा धरू, लिटरमागे १००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम. धुतल्यानंतर गाडीवर पाव लिटर पाणी राहिलं आणि ते उन्हात वाळलं, तर पाव ग्रॅम क्षार रंगावरच राहिला. वॅक्स नसेल तर तो पातळ पसरतो. वॅक्स असेल तर तो थेंबाथेंबात गोळा होतो.

तो एक थेंब वाळताना पाहावा. सकाळी दहाच्या उन्हात बॉनेटवरचा थेंब आधी कडेनं आखडतो, त्याच्या घेराभोवती पांढरी रेघ उमटते, मग आतलं पाणी आटत जातं तसा क्षार त्या रेघेवर साचत जातो, आणि शेवटी चुन्याच्या बारीक कडीसारखं एक गोल उरतं. ओल्या फडक्यानं ते पुसलं जात नाही. पुढच्या धुण्यात त्याच्यावर दुसरं गोल बसतं. महिन्या-दोन महिन्यांत काळ्या किंवा निळ्या गाडीच्या छतावर अशा कड्यांची नक्षी होते आणि ती काढायला सौम्य आम्ल किंवा पुन्हा पॉलिश लागतं, म्हणजे पुन्हा क्लिअर कोट घासावा लागतो. तो कोट असतो किती? साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी. दर वेळी त्यातला थोडा जातो आणि परत येत नाही. इथे वॅक्सची किंमत काय करणार? थेंब पाच हजारांच्या वॅक्सवर वाळला काय आणि पाचशेच्या वॅक्सवर वाळला काय, चुना तोच. उपाय फक्त एक आहे: उन्हात गाडी धुवायची नाही आणि पाणी वाळायच्या आत स्वच्छ फडक्यानं टिपून घ्यायचं. हे सांगणारा माणूस डबी विकणाऱ्याइतका लक्षात राहत नाही, कारण त्याच्याजवळ विकण्यासारखं काही नसतं.

चऱ्यांचंही तसंच. अंधारात मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला की उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसतात. ते कशानं पडतात? वाळलेल्या धुळीवर फडकं फिरवल्यानं. आपल्याकडच्या धुळीत नुसती काळी माती नसते. रस्त्यांच्या कामांची आणि खडी क्रशरची बारीक कच असते, आणि फुटलेल्या काळ्या दगडाचा कण क्लिअर कोटवर ओरखडा काढायला पुरेसा कठीण असतो. रोज सकाळी एकाच बादलीतलं गढूळ पाणी आणि एकच फडकं घेऊन ओळीनं दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा प्रत्येक गाडीवर आधीच्या गाड्यांची कच फिरते. दसऱ्याला गाडीची पूजा होते, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, झेंडूचा हार तारेनं बांधतात. पूजा झालीच पाहिजे. पण ते कुंकू आठवडाभर उन्हात तसंच ठेवून मग कोरड्या कापडानं खरडलं, आणि हाराची तार वाऱ्यानं रंगावर घासत राहिली, तर तिथे राहणारी खूण कोणत्या वॅक्सनं पुसली जाणार आहे? आंब्याच्या झाडाखाली लावलेल्या गाडीवर तुडतुड्यांचा चिकटा पडतो, कडुनिंबाखाली पक्ष्यांची विष्ठा पडते. विष्ठेतलं आम्ल उन्हात तासाभरात काम सुरू करतं. वॅक्सचा थर थोडी सवड देतो, एवढंच. आणि ती सवड स्वस्त आणि महाग दोन्ही थर जवळपास सारखीच देतात. ती सवड वापरून ओलं फडकं फिरवलं तर रंग वाचतो.

आता उलट बाजूचे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप असा, की दुकानातल्या वॅक्समध्ये खर आणि सिलिकॉन असतं, म्हणून ते रंगाला मारक आहे. 'क्लीनर वॅक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत सौम्य खर असते, हे खरं. पण ते डबीवर सांगितलेलं असतं, आणि नव्या गाडीला ते लावायचं नाही एवढं वाचता आलं की प्रश्न मिटतो. सिलिकॉनबद्दलची भीती डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडून आली आहे. रंग मारण्याआधी पत्र्यावर सिलिकॉन राहिलं तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणून रंगाआधी पृष्ठभाग रसायनानं साफ करतात, आणि ते चांगल्या कारागिराला करावंच लागतं. क्लिअर कोटला सिलिकॉननं इजा होत नाही. आणि बुटीक डबीत सिलिकॉन नाही हे कशावरून? उलट माहितीच्या बाबतीत दुकानातली डबीच बरी ठरते. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. मोठ्या डबीतून काढून छोट्या डबीत भरून विकलेल्या 'सँपल'वर यातलं काय असतं? ज्याच्यावर बनवणाऱ्याचा पत्ताच नाही त्या मालाला अस्सल म्हणायचं आणि पूर्ण पत्ता छापणाऱ्याला हलकं म्हणायचं, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप व्यावसायिकांचा दाखला देतो. डिटेलिंग स्टुडिओवाले महाग माल वापरतात, ते काय वेडे आहेत? वेडे नाहीत. ते ग्राहकाला एक सेवा विकतात आणि महाग नाव त्या सेवेचा भाव वाढवतं, हा व्यवहार समजण्यासारखा आहे. पण नावांची मोहिनी किती खोल जाते हे याआधीच्या लाटांतही दिसलं आहे. एके काळी गावोगाव 'टेफ्लॉन कोटिंग'च्या पाट्या लागल्या. टेफ्लॉन साधारण ३२७ अंशांना वितळतं आणि तव्यावर ते बसवायला त्याहून जास्त आच द्यावी लागते; स्पंजनं चोळून गाडीच्या पत्र्यावर ते तव्यासारखं कसं बसणार, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. मग सिरॅमिक कोटिंग आलं. ते वॅक्सपेक्षा खरोखर जास्त टिकतं, हे मान्य. पण त्याच्या जाहिरातीतलं '९एच' हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढून ते ठरवतात. ऐकणाऱ्याला मात्र हिरा दहा, म्हणजे हे नऊ असं वाटतं. आता तीच मोहिनी बुटीक वॅक्सभोवती तयार होते आहे. नाव बदलतं, पण डबीतला पदार्थ तुमच्या जागी मेहनत करेल हे आश्वासन तेच राहतं.

तिसरा आक्षेप हौसेचा आहे. सुट्टीच्या सकाळी सावलीत बसून, सुगंधी वॅक्स बोटांनी चोळून गाडी चमकवण्यात आनंद असतो, तो तुम्ही कशाला हिरावता? कोणीही हिरावत नाही. स्विसवॅक्स किंवा झायमॉलची डबी कोणी आवडीनं घेतली तर तो त्याचा पैसा आणि त्याचा आनंद. त्या वर्गातल्या सर्वांत महाग डब्यांची किंमत इथल्या नव्या दुचाकीइतकी किंवा तिच्याहून जास्त जाते, आणि हौसेला मोल नसतं हेही खरं. पण हौसेला हौस म्हणावं, तिला रंगरक्षणाचा नियम बनवू नये. कर्ज काढून पहिली छोटी गाडी घेतलेल्या शिक्षकाला, हजूर साहिबला आलेल्या भाविकांना घेऊन फिरणाऱ्या टुरिस्ट गाडीच्या मालकाला, आडतीवर मुनीम असलेल्या माणसाला जेव्हा सांगितलं जातं की तुझं दुकानातलं वॅक्स म्हणजे गाडीची हेळसांड, तेव्हा ती हौस राहत नाही, ती त्याच्या माथी मारलेली लाज होते. नाकापेक्षा मोती जड करून घेण्याची ही लाज त्यानं का पत्करावी?

आणि या सगळ्या चर्चेत पाण्याचा उल्लेखच होत नाही, याचं सर्वांत जास्त वाईट वाटतं. लातूर हे ते शहर आहे जिथे २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींची रेल्वेगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. मांजरा धरण कोरडं पडलं की काय होतं हे या शहराइतकं कोणाला ठाऊक असणार? तिथे गाडीच्या देखभालीचा विचार पाण्यापासूनच सुरू व्हायला हवा. नळी सोडून गाडी धुतली तर शंभर-दीडशे लिटर सहज वाहून जातं. दोन बादल्यांत, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची, तेच काम तीस-चाळीस लिटरमध्ये होतं आणि जास्त चांगलं होतं, कारण कच खळबळायच्या बादलीत राहते. वॅक्स लावण्याचा इथला खरा फायदाही हाच आहे: गुळगुळीत पृष्ठभागावर धूळ आणि चिखल कमी चिकटतो, थोड्या पाण्यात सुटतो, थोड्या पाण्यात टिपता येतो. हा फायदा दुकानातली डबी पुरेपूर देते. त्यासाठी दर दोन महिन्यांनी ती परत लावावी लागली तरी लावणं परवडतं, आणि परवडतं म्हणूनच लावली जाते. महाग डबी मात्र जपून ठेवली जाते, सणासुदीला बाहेर निघते, आणि मधल्या काळात रंग उघडाच राहतो.

ज्याला अजूनही शंका आहे त्यानं प्रयोग करावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. बॉनेट नीट धुऊन, पुसून, मधोमध मास्किंग टेप लावावी. डाव्या अर्ध्यावर दुकानातलं वॅक्स, उजव्या अर्ध्यावर बुटीक वॅक्स. टेप काढून, कोणती बाजू कोणाची हे न सांगता, चार जणांना दोन्ही बाजू दाखवाव्यात. मग दीड महिना गाडी नेहमीसारखी वापरावी, पावसात, उन्हात, औसा रोडच्या धुळीत, आणि शेवटी दोन्ही बाजूंवर एक एक तांब्या पाणी ओतून पाहावं. किमतीत दसपट फरक आहे तर बॉनेटच्या दोन अर्ध्यांत निदान दुप्पट फरक तरी दिसायला हवा ना? तो लेबल न पाहता ओळखता आला पाहिजे. ज्या श्रेष्ठतेला ओळखू येण्यासाठी डबी हातात असावी लागते, ती श्रेष्ठता डबीची आहे, वॅक्सची नाही.

म्हणून स्पष्ट सांगायचं तर असं: गाडीचा रंग वॅक्सच्या किमतीवर टिकत नाही. तो टिकतो धुण्याच्या पद्धतीवर, पाण्यातल्या क्षारावर, फडक्याच्या स्वच्छतेवर, सावलीवर आणि ते फडकं फिरवणाऱ्या माणसावर. बुटीक डबीसाठी बाजूला काढलेल्या पैशांत दुकानातली एक डबी येते, गाडीच्या शाम्पूची बाटली येते, सहा मायक्रोफायबर फडकी येतात, दुसरी बादली येते, आणि तरी पैसे उरतात. उरलेले पैसे रोज पहाटे गाडी पुसायला येणाऱ्या मुलाला द्यावेत. त्याच्या महिन्यात भर घालावी, त्याला स्वच्छ फडक्यांचा गठ्ठा आणि एक जादा बादली द्यावी, आणि कोरड्या धुळीवर फडकं फिरवायचं नाही, आधी पाणी मारायचं, हे एकदा शांतपणे शेजारी उभं राहून दाखवावं. गाडीच्या रंगावर वर्षातून सर्वाधिक वेळा फिरतो तो त्याचा हात. त्या हाताला नीट साधन आणि नीट मोबदला दिला, तर दुकानातल्या डबीवरही नांदेडच्या उन्हात गाडी पाच वर्षांनी लखलखीत दिसेल. तो हात गढूळ बादलीवरच ठेवला, तर जगातली सर्वांत महाग डबीसुद्धा ते कोळ्याचं जाळं थांबवू शकणार नाही.